'ॲक्च्युअल मॅलिस'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: अमेरिकेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. अब्रुनुकसानीच्या खटल्यांत येणाऱ्या 'ॲक्च्युअल मॅलिस' या संज्ञेसाठी 'प्रत्यक्ष आकस' लिहिलं, पण पुढचा परिच्छेद काही केल्या जुळत नाही. 'दुष्ट हेतू' चालेल का?

प्रतिसाद: दोन्ही नकोत. आकस, डूख, खुन्नस ही सगळी मनातल्या रागाची नावं. या संज्ञेचा रागाशी संबंधच नाही, म्हणूनच परिच्छेद जुळत नाहीये.

मूळ खटला पाहा: न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन, १९६४. २९ मार्च १९६० च्या अंकात नागरी हक्क चळवळीसाठी मदत मागणारी पानभर जाहिरात आली. तिच्यात चुका होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांना सात वेळा अटक झाल्याचं छापलं, झाली होती चार वेळा. विद्यार्थ्यांनी कोणतं गीत म्हटलं तेही चुकलं. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात पोलीस खातं सांभाळणारे सुलिव्हन यांचं जाहिरातीत नावसुद्धा नव्हतं, तरी त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तिथल्या ज्यूरीने त्यांना पाच लाख डॉलर भरपाई दिली.

सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. खरी माहिती वृत्तपत्राच्याच जुन्या बातम्यांत होती, कुणी काढून पाहिली नाही. न्यायालयाच्या मते ही फार तर हयगय. सरकारी पदावरच्या माणसाला त्याच्या कारभाराबद्दलच्या मजकुरावरून भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा असल्याचं छापणाऱ्याला ठाऊक होतं, किंवा खऱ्याखोट्याबाबत तो बेदरकार होता, हे भरपाई मागणाऱ्याने सिद्ध करायचं. यालाच न्यायालयाने 'ॲक्च्युअल मॅलिस' म्हटलं.

अपघाताच्या बातमीत आपण रोज वाचतो, 'हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून'. जोडीने येऊन येऊन हे दोन शब्द एकच वाटायला लागलेत. सुलिव्हन निकालातली रेघ नेमकी त्यांच्या मधून जाते.

मी 'जाणता खोटेपणा किंवा बेदरकारपणा' असं लिहीन. लांबतं, पण लांबू द्या. १९९१ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की ज्यूरीला समजावताना ही संज्ञा न वापरता तिचा अर्थच सांगणं बरं.

विचारणा: 'बेदरकारपणा'ऐवजी 'बेपर्वाई' घेतलं तर? कानाला हलकं वाटतं.

प्रतिसाद: हलकं आहे म्हणूनच नको. त्याच न्यायालयाच्या १९६८ च्या निकालानुसार, मजकुराच्या खरेपणाबद्दल छापणाऱ्याला स्वतःलाच गंभीर शंका होती असा पुरावा लागतो. बेपर्वा माणसाला शंका शिवलेलीही नसेल. बेदरकार माणसाला समोरचा ट्रक दिसत असतो.