गॅप सोडला की कोणीतरी घुसतंच, मग अंतर ठेवायचं तरी कसं?

नवी_चालक (जळगाव)
नमस्कार मंडळी. पिंप्राळ्याहून रोज एमआयडीसीला जाते, कार आत्ताच चालवायला घेतलीय. हात बसलाय तसा, पण संध्याकाळी आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली या पट्ट्यात जीव मुठीत धरून चालवावं लागतं हो. डावीकडून रिक्षा, उजवीकडून बुलेट, मागे ट्रकचा हॉर्न. क्लासमध्ये शिकवलं की पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, मी ठेवते, तर त्यात लगेच दोन बाईक आणि एक छोटा हत्ती टेम्पो घुसतो, आणि मागचा हॉर्नवरचा हात काढत नाही. सर्कलला आधी कोणी जायचं हे पण कळत नाही. सगळ्यांशी नीट वागून सुखरूप घरी पोचायचं असेल तर काय करता तुम्ही लोक?

केळीवाला_सावदा
ताई, घुसू द्या. घुसला की ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचला, परत अंतर होतं, यात तुमचे दोन-चार सेकंद जातात, बाकी काही जात नाही. 40 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते आणि समोरचे ब्रेक लाईट दिसून आपला पाय ब्रेकवर पडेपर्यंतच सेकंदभर निघून जातो, म्हणून निदान दोन सेकंदांचं अंतर पाहिजेच. रांगेत उभं राहायचं असेल तर पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं मागे थांबा, म्हणजे ती बंद पडली तरी बाजूने काढता येते आणि चढावर मागे सरकली तरी तुमच्यावर येत नाही.

आता आमच्या बाजूचं सांगतो, घरच्या गाड्या केळी भरून दिल्लीकडे जातात. ट्रकच्या डाव्या दाराखालचा भाग ड्रायव्हरला जवळपास दिसतच नाही. सोपी खूण म्हणजे ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. चौफुलीला ट्रक डावीकडे वळायच्या आधी तोंड जरा उजवीकडे घेतो, लोकांना वाटतं हा उजवीकडे चालला आणि डावीकडच्या फटीत घुसतात, पण वळताना मागची चाकं आतून कापत येतात आणि ती फट संपते. तिथे स्कूटीवरची पोरं घुसलेली बघून आमच्या ड्रायव्हरला घाम फुटतो. आणि भरलेल्या ट्रकच्या पुढे कट मारून ब्रेक कधीच दाबू नका, एअर ब्रेक लागायला क्षणभर जातो आणि मागे टनावारी माल असतो, त्याने कितीही दाबला तरी कारसारखा जागेवर थांबणार नाही.

अमळनेरकर
केळीवाले भाऊंचं बरोबर, पण थोडं वेगळं मत मांडतो. सगळ्यांनाच जाऊ देत बसलं तर नवखा माणूस चौकातच अडकतो. आणि चालू रस्त्यात मध्येच थांबून बाईकवाल्याला हाताने "जा जा" करणं मला फार धोक्याचं वाटतं, तो तुमच्या भरवशावर निघतो आणि बाजूच्या लेनमधून एसटी येत असते, ती ना त्याला दिसते ना तुम्हाला. ज्याचा हक्क त्याला द्या, आपला असेल तेव्हा हळू पण सरळ निघा. सर्कलला नियम साधा आहे, उजवीकडून जो आधीच फिरतोय तो आधी जाणार, तो गेला की तुम्ही, बाहेर पडायच्या आधी डावा इंडिकेटर.

माझा खरा राग फाटकावर आहे. ताप्ती लाईनवर (सुरत-भुसावळ रेल्वे) गाडी यायची असली की फाटक पडतं, आणि पाच मिनिटांत अर्धे लोक उजव्या बाजूला जाऊन उभे राहतात, पलीकडे पण तेच. फाटक उघडलं की दोन्हीकडची तोंडं समोरासमोर, कोणी मागे घ्यायला तयार नाही, मध्ये रूळ. त्यात गाडी रुळावर अडकली आणि पुढची रेल्वे आली तर काय करणार? पलीकडे आपली गाडी पूर्ण मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रुळावर चाक घालू नका, मागचा कितीही बोंबलू दे. आपल्याच डाव्या बाजूला एकामागे एक थांबलं तर दोन मिनिटांत सगळे पार होतात, मी बघितलंय.

धुळ्याची_स्कूटी
भाऊ, हाई बात खरी शे! फाटकाचं वाचून बरं वाटलं, कोणीतरी बोललं.

ताई, माझ्याकडून दोन गोष्टी. सरळ जायचं म्हणून चौकात चारही इंडिकेटर लावू नका, धुळ्यात सर्रास लावतात, पण बाजूच्याला तुमचा एकच इंडिकेटर दिसतो आणि त्याला वाटतं तुम्ही वळताय. ते गाडी बंद पडली तर लावायचे. सरळ जायला काहीच लावायचं नसतं. दुसरं म्हणजे अप्पर लाईट. शहरात डिपरच ठेवा, समोरून अप्पर आला की आम्हा टू-व्हीलरवाल्यांना खड्डा, कुत्रं, माणूस काही दिसत नाही. चैत्रात तर सप्तशृंगी गडावर चाललेले पदयात्री मालेगाव रस्त्याने रात्रीचे पण कडेने चालत असतात, म्हातारी माणसं, डोक्यावर गाठोडं, लहान पोरं सोबत. तेव्हा स्पीड कमी करा आणि त्यांच्या पाठीशी जाऊन हॉर्न वाजवू नका, दचकून माणूस रस्त्याकडेच सरकतो.

नवी_चालक (जळगाव)
सगळ्यांचे आभार, ट्रकच्या आरशाचं खरंच माहीत नव्हतं. अजून एक विचारते, जाममध्ये मागून ॲम्ब्युलन्स आली आणि हलायला जागाच नसेल तर? परवा सायरन ऐकून सगळे एकदम वाट्टेल तिकडे घुसले आणि ती जास्तच अडकली.

केळीवाला_सावदा
घाबरून एकदम कट मारायचा नाही. इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे सरका, पुढच्याला छोटा हॉर्न देऊन सरकायला लावा, मध्ये वाट झाली की तिथेच थांबा. म्हणूनच ते पुढचं अंतर सोडलेलं असावं, नाहीतर सरकणार कुठे? आणि ती गेल्यावर तिच्या मागे लागून पळवणारे असतात, तसं अजिबात करू नका, मागून दुसरी पण येत असते. वाट न दिल्यास 2019 च्या दुरुस्तीपासून 10 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण दंड राहू द्या, आतला पेशंट कोणाच्या तरी घरचा असतो. कुठे अपघात दिसला तर 108 ला फोन करायला कचरू नका, मदत करणाऱ्याला नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही, हे पण आता कायद्यात आहे.

आणि कोणी शेतकरी भाऊ वाचत असतील तर विनंती, कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगला निघायच्या आधी मागच्या फळीला लाल रेडियम लावून घ्या, दोन्ही टोकांना. कापूस फळीबाहेर लोंबत असेल तर रेडियम झाकलं जातं, म्हणून खाली चॅसिसच्या पट्टीवर पण लावा.