'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' कुणाचा?

प्रश्न : 'लुक इट अप' चालतं, मग 'लुक इट आफ्टर' का चालत नाही? 'रन आउट ऑफ', 'कॅच अप विथ', 'पुट अप विथ' यांतलं शेवटचं प्रेपोझिशन कशावरून ठरतं? आणि 'लुक फॉरवर्ड टू मीट' चूक का? 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूपच येतं ना?

उत्तर : आधी मराठीतला 'वर' बघा. 'तो वर गेला' यात 'वर' सुटा आहे, क्रियाविशेषण. 'तो झाडावर गेला' यात तोच नामाला चिकटला की शब्दयोगी. आपल्याकडे लिहितानाच फरक दिसतो. इंग्रजीत दोन्ही सुटेच लिहितात, म्हणून घोळ होतो.

'ही रॅन अप अ हिल' म्हणजे तो टेकडीवर धावत गेला. इथला 'अप' टेकडीचा. 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे त्याने बिल वाढवून ठेवलं. इथला 'अप' क्रियापदाचा. शंका आली तर नामाच्या जागी 'इट' घालून बघा. टेकडी असेल तर 'रॅन अप इट', बिल असेल तर 'रॅन इट अप'. म्हणजे लहान शब्द क्रियापदाचा असेल, तर सर्वनाम मधेच बसतं. नाम मात्र दोन्हीकडे चालतं : 'लुक अप द वर्ड', 'लुक द वर्ड अप'. नामाला लांबलचक शेपूट असेल तर ते नाम 'अप'नंतरच ठेवा, नाहीतर 'अप' येईपर्यंत वाचणारा क्रियापद विसरतो. 'आफ्टर' पडला नामाचा, म्हणून 'लुक आफ्टर इट'.

कानालाही हे कळतं. 'लुक इट अप'मध्ये जोर 'अप'वर पडतो, 'लुक अ‍ॅट इट'मध्ये 'लुक'वर.

पुढे तीन शब्दांचं : यात मधला शब्द क्रियापदाचा असतो, शेवटचा पुढच्या नामाचा. म्हणून नाम गळलं की प्रेपोझिशनही गळतं. 'वी हॅव रन आउट ऑफ पेपर', पण कागदाचं नाव घ्यायचं नसेल तर नुसतं 'वी हॅव रन आउट'. इथे 'ऑफ' लटकत ठेवला की वाक्य अर्धवट वाटतं.

नाम बदललं की प्रेपोझिशनही बदलू शकतं. पुढे गेलेल्या माणसाला गाठायचं तर 'कॅच अप विथ', तुंबलेलं काम किंवा राहिलेली झोप भरून काढायची तर 'कॅच अप ऑन'. भांडण ज्याच्याशी झालं त्याच्यासाठी 'फॉल आउट विथ', ज्यावरून झालं त्यासाठी 'ओव्हर'. दोन्ही एकाच वाक्यात येऊ शकतात.

'पुट अप विथ' मात्र अख्खं पाठ करावं लागतं. 'विथ' काढला की सहन करण्याचा अर्थच जातो. 'पुट अप अ नोटीस' म्हणजे सूचना लावणं. 'डू अवे विथ' (रद्द करणं) याचीही तीच गत.

'टू'बद्दल : इथेही 'इट'चीच कसोटी लावा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' बरोबर वाटतं, 'आय वॉन्ट टू इट' वाटत नाही. म्हणजे पहिला 'टू' प्रेपोझिशन आहे. त्याच्यापुढे नाम किंवा 'इंग'वालं रूप हवं : 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'गेट राउंड टू' (राहिलेलं काम एकदाचं हाती घेणं) आणि 'ओन अप टू' (कबूल करणं) यांचंही असंच.

पुरवणी : मराठीभाषकांची चूक प्रेपोझिशन चुकीचं लावण्यात होते, तशी शेवटचं गाळण्यातही होते. 'बसायला खुर्ची', 'लिहायला पेन' यांत आपल्याला कुठलंच शब्दयोगी लागत नाही. इंग्रजीत इथे नाम गळलेलं नसतं, फक्त आधी आलेलं असतं, म्हणून प्रेपोझिशन राहतं : 'अ चेअर टू सिट ऑन', 'अ पेन टू राइट विथ'. कागद असेल तर 'राइट ऑन'. कर्मणीतही ते जागेवरच राहतं : 'द चाइल्ड वॉज लुक्ड आफ्टर'. 'अ प्रॉब्लेम वी हॅव टू डील' असं लिहिलंत तर 'विथ' राहिला.

उलट बाजूने, 'विषयी चर्चा' या वळणावरून 'डिस्कस अबाउट' येतं. 'डिस्कस'ला प्रेपोझिशन लागतच नाही. 'कोप अप विथ' हे 'कीप अप विथ' आणि 'कोप विथ' यांचं कडबोळं दिसतं. त्यातला 'अप' काढा.

उपप्रश्न : 'लॉग इनटू' की 'लॉग इन टू'?

उत्तर : 'इन' क्रियापदाचा आणि 'टू' नामाचा धरला तर सुटं : 'लॉग इन टू द सिस्टिम'. जोडूनही सर्रास लिहितात आणि तिथे अर्थ बिघडत नाही. 'टर्न'च्या बाबतीत मात्र बिघडतो. 'ही टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलीस' म्हणजे तो पोलिसांना शरण गेला. दोन शब्द जोडलेत तर त्याने स्वतःचं रूपांतर पोलिसांत केलं.

आणखी एक : शब्दकोशात बघताना 'समथिंग' कुठे छापलंय ते पाहा. 'लुक समथिंग अप' असं मधे असेल तर सर्वनाम मधे. 'लुक आफ्टर समबडी' असं शेवटी असेल तर तोडू नका. काही कोशांत तोडता येणाऱ्या क्रियापदाला दुहेरी बाण दिलेला असतो.