मदत हवी आहे: हुकूमनामा झाला, तरी समोरचा पैसे देईना. कोर्ट दंड करतं का?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात माझं सळई-सिमेंटचं दुकान आहे. एका कंत्राटदाराने उधारी बुडवली, दावा लावला, निकाल माझ्या बाजूने लागला: ४ लाख आणि वर सालाना ६ टक्के व्याज. आता 'अपील केलंय' एवढंच ऐकवतो. स्टे दाखव म्हटलं की हसतो.

दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज) टाकली, जंगम म्हणजे हलवता येणाऱ्या मालाच्या जप्तीचं वॉरंट निघालं, कोर्टाच्या बेलिफसोबत मीही गेलो. दारात कोराकरकरीत जेसीबी! हा आतून आरसी बुकच घेऊन आला, "मिसेसच्या नावावर आहे." बेलिफने 'जप्तीयोग्य माल मिळून आला नाही' असं लिहिलं आणि आम्ही परत.

इतकं लांबवल्याबद्दल कोर्ट त्याला वेगळा दंड लावतं का? आत टाकता येतं का? आमचे वकीलसाहेब 'पुढच्या तारखेला बघू'च्या पुढे सरकत नाहीत.

प्रतिसाद १

दादा, उशिराचा असा वेगळा दंड नाही. व्याज चढतं तेवढंच, म्हणजे वर्षाला २४ हजार. बाजारात एवढ्या स्वस्तात त्याला कोण पैसे देईल? म्हणून तो निवांत आहे. व्यापारी व्यवहारात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ खाली ६ टक्क्यांहून जास्त मागता येतं, पण ते दाव्यातच. दरखास्तीचं कोर्ट हुकूमनामा बदलू शकत नाही.

नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्टे वेगळा घ्यावा लागतो.

तुमचं खरं हत्यार म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम ४१. त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागवा. कोर्टाने सांगूनही दिलं नाही, तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. शिवाय 'तुला कैदेत का टाकू नये?' अशी नियम ३७ ची नोटीस काढायला लावा. नुसती गरिबी असेल तर आत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलंय. पण दावा लागल्यावर लबाडीने मालमत्ता फिरवली असेल, तर कलम ५१ खाली कैद होऊ शकते. जेसीबी कधी घेतला, पैसा कुणाच्या खात्यातून गेला, ते काढा. बाईंना मात्र पैशाच्या हुकूमनाम्यात अटक नाही.

आणि हो, तो आत असेपर्यंत त्याचा भत्ता तुम्ही भरायचा.

धागाकर्ता

म्हणजे पैसे माझे बुडाले आणि त्याला जेवायलाही मीच घालू? धन्य!

प्रतिसाद १

तो खर्च दाव्याच्या खर्चात धरतात. सुटून आला तरी कर्ज फिटलं असं होत नाही, पण त्याच हुकूमनाम्यात पुन्हा अटक करता येत नाही. म्हणून हे शेवटी वापरा.

प्रतिसाद २

कंत्राटदार आहे ना? मग घरातली भांडीकुंडी कशाला मोजताय? त्याला कुणाकडून बिल येणं आहे ते शोधा आणि नियम ४६-अ खाली तिथेच नोटीस पाठवा. पैसे परस्पर कोर्टात जमा होतात.

धागाकर्ता

एका बंगल्याचं काम चालू आहे त्याचं, शेवटचं बिल बाकी आहे असं ऐकलंय. मालक ओळखीचेच आहेत. उद्याच वकिलांच्या कानावर घालतो.