‘पास आउट’ म्हणजे फक्त बेशुद्ध पडणं?

कडोलीकर: काल इथं एका सरांनी लिहिलं, "‘२०१९ ला पास आउट झालो’ असं लिहिणारी पोरं काय चक्कर येऊन पडली होती? असलं अडाणी इंग्रजी बंद करा." अहो, बेळगावात बसून हे लिहिता? मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरात ट्रेनिंग संपलं की जवानांची कसम परेड होते, तिलाच पासिंग आउट परेड म्हणतात. हे नाव ब्रिटिश फौजेचं. ट्रेनिंग पुरं करून बाहेर पडणं हा अर्थ ब्रिटिश डिक्शनरीत बेशुद्धीच्या शेजारीच सापडतो. आपण तो कॉलेजला लावला, बस्स. ह्यात अडाणीपणा कुठला?

टिळकवाडी_सर: फौजेपुरतं मान्य. कॉलेजसाठी मात्र तो आपल्याकडंच चालतो. अमेरिकन माणसाला ‘पास्ड आउट’ म्हटलं की दारू पिऊन आडवा झालेला डोळ्यासमोर येतो. मुलाखतीत पोरांचं नुकसान होतं, म्हणून बोललो.

खानापूरची सून: नुकसान कोण करतं ते सांगते. माझ्या धाकट्या दिराच्या बायोडेटात हीच ओळ होती. पुण्यात मुलाखतीला तिघंजण त्या ओळीवर बोट ठेवून हसले. मराठी शाळेतला पोरगा, घामानं डबडबला, पुढचं एक उत्तर धड देता आलं नाही. आणि ते तिघंही मराठीच की वो!

निपाणीकर: मूळ दुखणं शाळेत आहे. घटनेच्या कलम ३५०अ मध्ये मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय लिहून ठेवली आहे. आमच्या गावात एका खोलीत तीन वर्ग बसतात. इंग्रजी येणार कुठनं?

शहापूरवाला: शाळा आपणच ओस पाडल्या. तुमची पोरं कुठं शिकतात ते आधी सांगा.

निपाणीकर: इंग्रजी मीडियमला! मराठी शाळेत शिक्षकच नव्हता, म्हणून घातली. हौस नव्हती. जमिनीचा उतारा कन्नडात, नोटीस कन्नडात. १५ टक्क्यांवर अल्पभाषिक असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे ठरलेलं आहे. तरी माझी आई कागद घेऊन दारोदार फिरते, वाचून दाखवा म्हणून. पुन्हा असलं विचारू नका.

शहापूरवाला: आईंचं पटलं. शाळेचं नाही. चार घरं ठाम राहिली असती तर शिक्षक मागता आला असता.

कडोलीकर: ह्यावर वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला. सर, ‘अडाणी’चं काय?

टिळकवाडी_सर: तेवढा शब्द मागं. सल्ला तोच. बाहेरच्या कंपनीला अर्ज करताना ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा.

खानापूरची सून: सांगते दिराला. तुम्हीही वर्गात दोन्ही अर्थ शिकवा, नुसती लाल रेघ ओढू नका.