शिबोरी पहिल्यांदाच करते आहे: निळीचा व्हॅट तयार झाला हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

नैसर्गिक निळीत शिबोरी, म्हणजे कापड बांधून-आवळून रंगवण्याची जपानी कला, करायचं ठरवलं आहे आणि सुरुवात करण्याआधी जाणकारांशी बोलून घ्यावंसं वाटतं.

ओढ लागली ती अरिमात्सुच्या कामामुळे. नागोयाजवळचं हे गाव १६०८ साली तोकाइदो या जुन्या जपानी हमरस्त्यावर वसलं. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांना बांधून रंगवलेले सुती तेनुगुई (हात पुसायचे पातळ पंचे) विकता विकता तिथल्या लोकांनी या कलेचे शंभरावर प्रकार घडवले. मला त्यातला मोकुमे फार आवडतो. कापडावर समांतर धावदोरे घालायचे, ते गच्च ओढून चुण्या पाडायच्या आणि रंगवायचं. दोरे काढले की लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते. इताजिमे त्यामानाने सोपा दिसतो: घड्या घालून दोन फळ्यांमध्ये कापड आवळायचं, फळीखाली पांढरं राहतं.

कापड पातळ सुती आहे, स्टोल करायचे आहेत. धुण्याचा सोडा घालून उकळून त्यातली खळ काढली आहे. निळीला तुरटीसारखा रंगबंधक लागत नाही, हे वाचलं आहे.

खरा प्रश्न व्हॅटचा, म्हणजे कापड बुडवायच्या निळीच्या द्रावणाचा आहे. तोकुशिमाचे कारागीर निळीची पानं सुमारे शंभर दिवस कुजवून सुकुमो करतात आणि राखेच्या निवळीत तो आंबवून रंग काढतात. ते काम मला अतिशय सुंदर वाटतं, पण पहिल्या खेपेला ते पेलणार नाही. हायड्रोसल्फाइट या रसायनाचा व्हॅट लवकर होतो, पण त्याचा वास आणि वाफा घरात नकोत. म्हणून नैसर्गिक रंगांचे फ्रेंच तज्ज्ञ मिशेल गार्सिया यांची १-२-३ पद्धत निवडली आहे: एक भाग नीळ, दोन भाग विझवलेला चुना, तीन भाग फ्रुक्टोज (फळसाखर). १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम चुना, १५० ग्रॅम फ्रुक्टोज असा हिशोब धरला आहे.

यामागची क्रिया समजते. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुन्याच्या अल्कलीत फ्रुक्टोज तिचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करतं, ती विरघळून पिवळसर होते, धाग्यात शिरते आणि हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा निळी होऊन तिथेच अडकते. अडचण प्रत्यक्षातली आहे. व्हॅट तयार आहे हे डोळ्यांनी कसं ओळखायचं? वर तांबूस तवंग आला म्हणजे झालं का? दुसरं म्हणजे, मला गडद निळा हवा आहे, त्यासाठी बऱ्याच बुड्या द्याव्या लागतील. तेवढ्यात रंग घड्यांच्या आत झिरपून पांढऱ्या रेषा जाणार नाहीत ना? आणि मोकुमेपासून सुरुवात करावी की इताजिमेपासून?

प्रतिसाद

नुसत्या तवंगावर विसंबू नका. तवंग म्हणजे हवेला लागून पुन्हा निळा झालेला थर. तो चांगलं लक्षण आहे, पण खालचं पाणी बघायलाच हवं. काचेच्या बरणीत थोडं घेऊन उजेडासमोर धरा. मधासारखं पिवळं आणि पारदर्शक दिसलं तर तयार. गढूळ हिरवं-निळं असेल तर क्षपण अपुरं आहे: व्हॅट ४० ते ५० अंशांपर्यंत कोमट करा, हलक्या हाताने ढवळा, थांबा. तरीही बदल नसेल तर चमचाभर फ्रुक्टोज घाला. पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) पट्टीवर १० ते ११ च्या आसपास हवा. घसरला असेल तर चुना कमी पडतो आहे. ढवळताना काठी भोवऱ्यासारखी एकाच दिशेने फिरवा, पाणी उसळवू नका. उसळलं की हवा आत जाते आणि झालेलं काम उलटं फिरतं.

या व्हॅटच्या तळाशी चुन्याचा गाळ बसतोच. ढवळल्यावर तो खाली बसू द्या आणि मगच कापड सोडा. तळाच्या वर जाळी टांगली तर फारच उत्तम.

रेषा जाण्याची भीती रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे. बांधलेलं कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून हलकं पिळा. कोरडं कापड रंग शोषून थेट आतपर्यंत ओढतं. भिजलेल्या धाग्यात आधीच पाणी असतं, त्यामुळे रंग हळू सरकतो. गडदपणा बुड्यांच्या संख्येने येतो. एकच बुडी फार वेळ ठेवली तर आधी बसलेली नीळ पुन्हा विरघळू लागते. पाच-दहा मिनिटं आत, मग निदान तेवढाच वेळ बाहेर. बाहेर असताना घड्यांच्या कडा बोटांनी जराशा उघडून आतपर्यंत हवा पोचू द्या. ओला रंग नेहमी जास्त गडद दिसतो, तेव्हा पाहिजे तेवढा गडद दिसल्यावरही एक-दोन बुड्या जास्त द्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाठ सोडण्याआधी अख्खं गाठोडं साध्या पाण्यात खळबळून धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सुटी नीळ राहिली तर ती उघडताना पांढऱ्यावर पसरते. उघडल्यावर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवा. चुना निघतो आणि कापडाचा कडकपणा जातो.

धागाकर्ती

खूप आभार. जाळीचं माझ्या डोक्यातच नव्हतं, ती आजच शोधते. मोकुमेसाठी दोरा कोणता घ्यावा? माझ्याकडे सुती शिवणदोरा आहे. आणि रेशमी कापडाचा एक तुकडाही आहे, तो याच व्हॅटमध्ये चालेल का?

दुसरा प्रतिसाद

रेशीम चालेल, पण थोडाच वेळ ठेवा आणि लगेच व्हिनेगरच्या पाण्यात काढा. रेशमाला तीव्र अल्कली सोसत नाही. लोकर यात अजिबात नको.

दोरा पॉलिएस्टरचा, जाड आणि दुहेरी घ्या. सुती दोरा ओढताना तुटतो आणि नीळही पितो, मग निळ्या कापडात निळा दोरा शोधणं कठीण होतं. पॉलिएस्टरला नीळ धरत नाही, त्यामुळे तो उठून दिसतो आणि कात्री चुकून कापडाला लागत नाही. प्रत्येक धावदोऱ्याच्या सुरुवातीला भक्कम गाठ आणि शेवटी बोटभर लांब टोक ठेवा. सगळे दोरे घालून झाल्यावर कापड ओलं करा आणि मग एकेक दोरा ओढून पक्का करा. ओल्या कापडाच्या चुण्या जास्त घट्ट बसतात.

पहिला मान इताजिमेला द्या, असं मी म्हणेन. तुमचा व्हॅट किती बुड्यांत किती निळा देतो हे त्यात अर्ध्या दिवसात कळेल. मोकुमेच्या टाक्यांवर कित्येक तास जातात, ते कापड ओळखीच्या व्हॅटमध्येच सोडावं. इताजिमेच्या घड्या मात्र फार जाड करू नका, मधल्या थरांपर्यंत रंग पोचत नाही.