‘लेव्हल लीड’: आघाडी, सरशी की वरचढ?

विचारणा, फोंडा
कॉलेजच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेचं समालोचन यंदा मराठीतून करायचं ठरलंय. खेळ दोन: डोटा २ आणि लीग ऑफ लेजंड्स. दोन्हींत पाच-पाच जणांचे संघ संगणकावर एकमेकांशी लढतात. लेन (चालून जायची वाट), मिनियन आणि क्रीप (आपोआप चालून येणारे शिपाई), टॉवर (वाटेवरचा बुरूज) हे शब्द तसेच ठेवतोय, त्यांना हात लावायची गरज नाही. गाडी एकाच जागी अडलीय. पहिल्या दोन-तीन मिनिटांत एखादा खेळाडू समोरच्याच्या आधी पुढची लेव्हल, म्हणजे ताकदीचा पुढचा टप्पा, गाठतो आणि तेवढ्या भांडवलावर त्याला लेनमध्ये दाबून धरतो. याला मराठीत काय म्हणावं? ‘आघाडी’ म्हटलं तर पोरं विचारतात, कुठल्या पक्षाची? गोव्यात तो शब्द ऐकला की निवडणूकच आठवते.

म्हापसा
आघाडीच म्हण. फुटबॉलमध्ये दहाव्या मिनिटाला गोल झाला की पेपरात ‘आघाडी घेतली’ असंच येतं, तिथे कोणी पक्ष विचारत नाही. चालू शब्द आहे, सगळ्यांना कळतो. आणखी खल कशाला?

डिचोली
खल एवढ्यासाठी की फुटबॉलची आघाडी फलकावर लागते आणि तिथेच राहते. संघ १-० ने पुढे गेला म्हणून त्याचा फॉरवर्ड जास्त वेगानं पळत नाही, गोलरक्षकाला तिसरा हात फुटत नाही. या खेळात लेव्हल वाढली की नेमकं तेच होतं. जीव वाढतो, मार वाढतो, नवं कौशल्य हाती येतं. सहाव्या लेव्हलला अल्टिमेट, म्हणजे सगळ्यांत जोरदार कौशल्य, मिळतं, म्हणजे सहावीवरचा माणूस आणि पाचवीवरचा माणूस यांच्यात फरक एकाचा दिसला तरी एकाकडे हुकमाचं पान आहे नि दुसऱ्याकडे नाही.

लीग ऑफ लेजंड्समधली दुसरी लेव्हल घ्या, म्हणजे शब्द कुठे बसवायचा ते कळेल. मिनियनच्या साध्या तुकडीत सहा जण येतात: तीन जवळून लढणारे, तीन लांबून मारा करणारे. लेनमध्ये तुम्ही एकटे असाल तर पहिली तुकडी आणि दुसरीतला पुढचा एक पडला की दुसरी लेव्हल. खालच्या लेनमध्ये दोघं असतात, मिनियन पडल्यावर मिळणारा आणि लेव्हल वाढवणारा अनुभव वाटला जातो, म्हणून तिथे पहिले सहा आणि दुसऱ्या तुकडीतले पुढचे तीन, म्हणजे एकूण नऊ लागतात. हा खालच्या लेनवाल्यांचा जुना पाठ आहे. नववा मिनियन ज्यांच्या बाजूनं आधी पडतो, त्यांच्याकडे त्या क्षणी दोन-दोन कौशल्यं आणि समोरच्यांकडे एक-एक. तेवढ्या काही सेकंदांत झडप घातली तर समोरच्याचा अर्धा जीव जातो. जाणता सपोर्ट, म्हणजे जोडीतला सांभाळणारा, समोरच्यांचा नववा पडायच्या आधीच आपल्या जोडीदाराला मागे ओढतो.

आता सांगा, यात ‘पुढे असणं’ महत्त्वाचं की ‘जोर जास्त असणं’? मी ‘वरचढ’ म्हणेन. ‘खालच्या लेनमध्ये लाल जोडी एका लेव्हलनं वरचढ.’ शब्द विशेषण आहे हे खरं, पण समालोचनाला ते उलट सोयीचंच. ‘वरचढ’ म्हटल्यावर क्रियापद गाळलं तरी वाक्य उभं राहतं.

मडगाव
हिंदी समालोचनात सर्रास ‘बढत’ म्हणतात. सुटसुटीत आहे. तोच घेतला तर?

डिचोली
केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गोव्यात ‘बढत’ म्हटलं की राग एकेका स्वरानं खुलवत जाणं आठवतं, बाबा. तीही हळूहळू, घाई न करता. तुमच्या खेळात तर नवव्या मिनियनवर गळा धरतात. मराठीत तो शब्द गाण्याचाच राहू दे.

पेडणे
‘कुरघोडी’ कोणीच कसा सुचवला नाही?

विचारणा, फोंडा
सुचला होता ताई, पण नुसती लेव्हल आधी येणं ही कुरघोडी वाटत नाही. कुरघोडीत समोरच्याला चकवावं लागतं. झुडपात दबा धरून नवव्याची वाट बघायची, समोरची जोडी बेसावध राहिली की तुटून पडायचं, ती कुरघोडी. मी तो तसाच वापरीन. ‘मुसंडी’ मात्र मागून येणाऱ्यासाठी राखून ठेवलाय. दहाव्या मिनिटापर्यंत रखडलेला खेळाडू एकदम दोन जणांना मारून वर आला की ‘मुसंडी मारली’. सुरुवातीपासून पुढे असलेल्याला मुसंडी शोभत नाही.

साखळी
आधी ‘लेव्हल’चंच काय करणार ते ठरवा. की तोही इंग्रजीच?

डिचोली
इंग्रजीच ठेवा. ‘पातळी’ घेतलात तर ‘त्यानं सहावी पातळी गाठली’ हे कौतुक वाटण्याऐवजी टोमणा वाटेल, कारण आपल्याकडे माणूस पातळी सोडतो किंवा खालची पातळी गाठतो. ‘पायरी’ बरी, पण ‘पायरीनं राहा’ म्हणजे दमच दिला. कोकणी बातम्यांत ‘राष्ट्रीय पांवड्यार’ (पातळीवर) म्हणतात ते कानाला गोड लागतं, पण मराठी वाक्यात ‘पांवडो’ आणून बसवला तर तो पाहुणाच वाटेल.

वाळपई
शब्द घडवायला बसलाय तुम्ही, पण खेळताना आम्ही काय बोलतो ते कोणी विचारलं का? मोबाइल लेजंड्स या फोनवरच्या अशाच खेळात अल्टिमेट चौथ्या लेव्हलला मिळायचं. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अॅपवर बंदी घातली त्यात तो खेळही गेला, पण बोली राहिली. ‘माझी चार आली, चल.’ ‘त्याची अजून तीनच.’ एवढंच. वरचढ नाही नि आघाडी नाही. घरात कोकणी बोलणारा असला तर म्हणतो, ‘तो म्हज्यापरस एक लेव्हल वयर आसा.’ तिथेही नाम नाहीच, नुसतं ‘वयर’. मराठीत ‘एक लेव्हल वर आहे’ म्हटलं की काम झालं. समालोचकानं खेळणाऱ्याच्या तोंडचंच बोलावं.

म्हापसा
वाळपईशी शंभर टक्के सहमत. माझी आघाडी मागे घेतो.

डिचोली
मागे घेऊ नका, तिला जागा आहे. एका लेनची गोष्ट असेल तर ‘वर’ किंवा ‘वरचढ’. पाचही जणांचं सोनं आणि अनुभव एकत्र मोजून ‘निळा संघ पुढे’ असं सांगायचं झालं तर ‘आघाडी’. ती फलकावरची बेरीजच असते. ‘सरशी’ शेवटच्या टॉवरनंतर. दुसऱ्या मिनिटाला सरशी म्हणणारा समालोचक विसाव्या मिनिटाला तोंडावर पडतो. मागे पडलेल्याला हात देणारे नियम या खेळांत मुद्दाम घातलेले असतात. वर असलेल्याला मारलं तर बक्षीस जास्त.

पेडणे
आणि एका लेनची वरचढ बाकीच्या नकाशावर पसरते त्याला? इंग्रजीत स्नोबॉल म्हणतात, पण गोव्यात बर्फ फक्त सरबतात आणि मासळीच्या पेटीत.

साखळी
लोण! कबड्डीतलं लोण चढवणं.

पेडणे
कबड्डीत लोण चढलं की समोरचा अख्खा संघ पुन्हा मैदानात येतो. इथे त्याच्या बरोबर उलट होतं, मागे पडलेला आणखी मागे पडतो.

साखळी
मग कबड्डी सोडा, पेपरातलं घ्या. ‘आंदोलनाचं लोण तालुक्यात पसरलं.’ खालच्या लेनवाल्यानं टॉवर पाडला, मोकळा झाला, मिडला म्हणजे मधल्या लेनला गेला, तिथेही मारलं. ‘खालच्या लेनचं लोण मिडपर्यंत पोचलं.’ कसं वाटतं?

विचारणा, फोंडा
घेतलं! हे वाक्य मी पहिल्याच सामन्यात वापरणार. आता राहिला डोटाचा ‘डिनाय’. आपलाच क्रीप अर्ध्यापेक्षा कमी जिवावर आला की आपणच त्याला शेवटचा घाव घालायचा, म्हणजे समोरच्याला सोनं मिळत नाही आणि अनुभवही कापला जातो. लेव्हलनं वर राहायची ही डोटामधली खास रीत आहे. ‘नाकारणे’ म्हटलं तर सरकारी अर्जासारखं वाटतं.

वाळपई
‘तोंडचा घास काढला.’

म्हापसा
पण मेला आपलाच शिपाई की रे.

वाळपई
आपलाच. म्हणून तर समोरच्याला काही बोलता येत नाही. समालोचनात सांग: ‘चार क्रीप आले, त्यातल्या दोघांचा घास तोंडातून काढला, मिडवाला अजून दुसऱ्या लेव्हलवरच उपाशी.’

डिचोली
‘उपाशी’ ठेवा. बाकी कुठलाही शब्द बदलला तरी चालेल, हा नको.