गच्चीवरच्या पार्टीनंतर

बी-५०२, काकू: काल गच्चीवर आमच्या सूनबाईचा चेहरा लाल झाला, तेव्हा दोघातिघांनी "अर्ध्या ग्लासातच चढली की" असं म्हटलं. ती जपानची असली तरी मराठी तिला चांगलं कळतं. घरी आल्यापासून गप्प आहे, म्हणून इथे लिहितेय. तिला चढली नव्हती. जिना उतरताना मलाच तिने हात दिला.

सी-१०१, काका: वहिनी, त्यात मी होतो. चुकलं माझं, मनापासून सांगतो. पण मग चेहरा लाल कशाने होतो? आम्ही दोन-तीन पेग घेतो, तरी रंग बदलत नाही.

ए-२०३, डॉक्टर ताई: काका, दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी असतं. मग एएलडीएच-२ नावाचं एन्झाइम त्याचं साधं अ‍ॅसिटेट करून टाकतं. जपान, चीन, कोरियात साधारण ३६ टक्के लोकांमध्ये एका जनुकातल्या बदलामुळे हे एन्झाइम लुळं असतं. विष साचतं, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि माणूस लाल होतो. धडधडतं, मळमळतं, डोकं दुखतं. चढण्याशी याचा काही संबंध नाही. आपल्याकडे हा बदल क्वचितच सापडतो, म्हणून आपल्याला ते नवल वाटतं.

बी-५०२, काकू: अगदी असंच झालं. आधी कानाच्या पाळ्या, मग गळ्यावर चट्टे, पार कुर्त्याच्या गळ्यापर्यंत. मनगट धरलं तर नाडी धावत होती.

डी-४०४: काकू, यावर सोपा उपाय आहे. प्यायच्या आधी अ‍ॅसिडिटीची फॅमोटिडीन घ्यायची. माझी एक कोरियन कलीग नेहमी घेते, चेहरा अजिबात लाल होत नाही.

ए-२०३, डॉक्टर ताई: कृपया हे कुणी करू नका, आणि पुढे पाठवूही नका. त्या गोळीने हिस्टमिनचं, म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या शरीरातल्या एका रसायनाचं काम अडतं आणि लाली कमी दिसते. अ‍ॅसिटाल्डिहाइड मात्र होतं तेवढंच रक्तात राहतं. त्रास जाणवत नाही म्हणून माणूस दुसरा ग्लास घेतो, तिसरा घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली दारूतून येणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अशा लोकांना मुख्य धोका अन्ननलिकेच्या कॅन्सरचा.

आणि एक गोष्ट नीट समजून घ्या. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं, तर घोटभर दारूही सोसत नाही. तो माणूस बहुधा पीतच नाही. एकाकडूनच आलं तर थोडी सोसते, माणूस पीत राहतो. खरा धोका त्याला. वर्षानुवर्षं प्यायल्यावर लाली कमीही होते, पण धोका कमी होत नाही. म्हणून जपानमधले डॉक्टर विचारतात, "प्यायला लागलात तेव्हा पहिल्या एक-दोन वर्षांत चेहरा लाल व्हायचा का?"

बी-५०२, काकू: तिला तिकडच्या ऑफिसात हेच ऐकवायचे. कामानंतर सगळे मिळून प्यायला बसायचे, त्याला ते नोमिकाई म्हणतात. वरिष्ठ ग्लास भरत राहायचे आणि म्हणायचे, सवय कर, जाईल.

सी-१०१, काका: ताई, ओळखीतल्या एकांना दारू सोडायच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी चोरून घेतली आणि असेच लालभडक होऊन दवाखान्यात गेले.

ए-२०३, डॉक्टर ताई: ती डायसल्फिराम असणार. ती हेच एन्झाइम बंद पाडते. डेन्मार्कमधले संशोधक हाल्ड आणि याकोबसेन हे औषध जंतांवर चालेल का, म्हणून स्वतः घेऊन बघत होते. त्यात दारू घेतल्यावर हा प्रकार लक्षात आला. १९४८ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. आपल्याकडे बायका, आया नाइलाजाने ही गोळी नवऱ्याच्या, मुलाच्या चहात, आमटीत कालवतात. त्यांचे हाल मला कळतात. तरी हात जोडून सांगते, न सांगता देऊ नका. त्याने वर दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो, जीव जाऊ शकतो. ही गोळी त्याला सांगूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची.

डी-४०४: वरचा मेसेज डिलीट केला. कलीगला आत्ताच फोन करतो.

सी-१०१, काका: वहिनी, संध्याकाळी येऊ का? सूनबाईशी स्वतः बोलतो.

बी-५०२, काकू: या. सहानंतर ती घरीच असते. चहा टाकते.